पस्तीस हजारांचं सूप

बाकलीवालजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मॅडम, सूप पैंतीस हज़ार का? मोती डाले थे क्या?"
सियागंजातलं अख्खं ऑफिस माझ्या बिलाकडे वळलं.

म्हटलं, तिथल्या नोटांवर शून्यंच फार.
आपल्याकडचे जेमतेम चारशे रुपये.
आणि सूप म्हणाल, तर ते सूप नव्हतंच.

सोयाबीनचे नमुने, ओलावा, तेलाचा टक्का
यांतून उरलेली एक दुपार, एक संध्याकाळ.
आसुन्सिओन. पराग्वेची राजधानी.
(आमच्या जिन्यात हे नाव कुणालाच धड येत नाही.
बोळेकाकू अजून आसनसोलच म्हणतात.)

राजवाडा कुंपणाबाहेरून पाहिला.
नदी तपकिरी, रुंद, कुठेच पोचायचं नसल्यासारखी.
एका चौकात पानं नसलेली झाडं,
नुसती गुलाबी फुलं अंगावर घेऊन उभी.
बाकावर चौघं जण बर्फाच्या पाण्यातला कडवट पाला
एकाच नळीने आळीपाळीने ओढत होते.
माझ्याकडेही नळी आली.
मी उष्टं म्हणता म्हणता राहिले
आणि ओढलं.

मग ते सूप.
मी चमचा धरून बसलेली,
आणि बशीत आली चौकोनी वडी.
मका, चीज, कांदा, वरून खरपूस.
वाढणारी पोरगी माझ्या चमच्याकडे बघून
खांदे उडवून हसली. ब्लांका, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव.
पहिला घास, आणि मी थेट सराफ्यात,
कढईतल्या किसासमोर.
पर्समधून जीरावणची पुडी काढली, भुरभुरली,
तिलाही चिमूटभर दिली.
ती शिंकली. पुन्हा हात पुढे केला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.
गिऱ्हाइकांशी बोलायची स्पॅनिश
तिने ॲप्रनसारखी बाजूला ठेवली
आणि दुसरंच काहीतरी बोलू लागली,
नाकातून येणारं, मऊ, थोडं चिडकं.
एक शब्द कळला नाही.
तरी कळलं, पलीकडे आई आहे,
आणि आई काहीतरी घेऊन ये म्हणतेय.
रामबागेत आमचंही असंच:
जिन्याच्या वर मराठी, पायरी उतरली की हिंदी.

नंतर ड्रायव्हरने सांगितलं, त्या बोलीचं नाव ग्वारानी.
नोटेचंही तेच.

बाकलीवालजींनी "सूप" खोडून "भोजन" लिहिलं,
शिक्का मारला. "आगे से दाल मँगवाना."

रात्री सराफ्यात गेले.
दागिन्यांच्या दुकानांचे शटर पडलेले, पायऱ्यांवर शेगड्या.
"भिया, एक कीस. जीरावन ज़्यादा."
द्रोण हातात, आणि फोन.
"हो गं, निघालेच. दूध घेते. नाही, विसरत नाही."

शेजारी उभी एक मुलगी, पाठीवर सॅक,
खायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.
तिला कुणाचा आवाज ऐकू आला,
विचारणार होते.
तेवढ्यात जलेब्याच्या रांगेने तिला पुढे ढकललं.