शेऱ्याचा रकाना

पहाटे चारला, डोक्याला दिवे बांधून
आम्ही चवळीच्या ओळींत उतरतो.
काओलाकच्या रस्त्याला अजून
एकही घोडागाडी लागलेली नसते.

याच वेळी का? यांदे विचारते, जांभई गिळत.
कारण रात्रभर पान आणि माती
घासाघीस करून करून
आत्ता कुठे एका भावावर येतात.
ऊन आलं की पान पुन्हा
काहीही सांगायला मोकळं.

देठ एकाच फटक्यात काप. करवतीसारखं ओढू नकोस.
झाकणातून अर्धं बोट वर येऊ दे.
आता नायट्रोजन सोड, हळू,
तान्ह्याला पेज भरवावी तसा,
आणि भिंगातून कापलेल्या टोकाकडे बघत राहा.
आधी ते कोरडं असतं. मग काळपट होतं.
मग थेंब... नाही, थेंबाच्याही अलीकडचं
ते चमकणं. तिथेच थांब. काटा वाच.
तेवढी तिची तहान.

उणे चौदा. उणे पंधरा. उणे चौदा.
सव्वीस दिवस झाले, पाणी आम्हीच तोडलंय.
सातव्या ओळीतलं तिसरं झाड:
उणे चार.

यांदेनं काच पुसली. नवं पान. पुन्हा चार.
द्येगान वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता,
ज्या बांधलेल्याच होत्या.

त्याची आई बसथांब्यावर चवळीची भजी तळते.
मुलाखतीला आला तेव्हा
तिच्या गोणीतलं मूठभर बी खिशात होतं,
कुणी विचारलं नाही तरी त्यानं ते टेबलावर ओतलं होतं.

माझ्याकडे शब्द तयार होते, फ्रेंचमधले,
कधीकाळी मलाच ऐकवलेले.
ते तोंडाशी आले आणि कंटाळून परत गेले.
मी विचारलं, किती? कधी?
"बाटलीभर. परवा. नमाजानंतर."
बाटली केवढी?
"दीड लिटरची. पण अर्धी मी प्यायलो होतो."

मग लिही. खोडायचं नाही;
आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात: पाऊण लिटर, परवा, द्येगान.
दया चालते इथे.
फक्त मापून नोंदलेली हवी.

त्यानं लिहिलं. स्वतःचं नाव दोनदा गिरवलं.

पूर्वेकडे हरमॅटनची धूळ तांबूस व्हायला लागली,
अजून अकरा झाडं बाकी होती
आणि उजेड काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.
"पुढचं मी कापू?"
मी वस्तरा पुढे केला,
मूठ त्याच्याकडे करून.