तो-कडून

शेवटच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर
आठवडा झाला, अडकून पडलोय.
ग्रीकमध्ये 'अपो' आला की पुढचं नाम वाकतं,
शाळकरी पोरालाही येईल असा नियम.
आणि बेटावरचा हा कैदी बेधडक लिहितो:
जो आहे, जो होता, जो येतोय, तो-कडून.

मी दुरुस्त केलं: त्याच्याकडून.
खर्डा शांतवन रणभिसे पाळकांकडे गेला,
समासात लाल शाई घेऊन परत आला:
चूक कुणाची?

साखर पेठेत वीज गेली. माग थांबले.
ओट्यावर नरसम्मा विड्या वळत होती,
मांडीवर सूप, नखांत तंबाखू.
"सर, मालक-कडून चिठ्ठी आला."
सवयीनं म्हणालो, आली. आणि मालकाकडून.
शब्द जरा वाकवायचा, नरसम्मा.
तिनं दोऱ्याची गाठ मारली.
"मालक कुठं वाकतंय, सर?"

आत येऊन पुन्हा तीच ओळ काढली.
त्याच वाक्यात, जरा पुढं, सात आत्मे
नियमानं वाकलेले, एकूण एक.
म्हणजे येत होतं त्याला.
आणि 'येणार' असंही नाही लिहिलेलं. येतोय.
वाटेत आहे, पायांत धूळ आहे, असं काहीतरी.

वीज आली. सगळ्या पेठेचे माग एकदम.
'त्याच्याकडून' खोडलं. 'तो-कडून' लिहिलं.
तेही खोडलं.
चिठ्ठी वाचायची राहिलीच होती.
भाड्यासाठी मालक येतोय, एवढंच.
तारीख नाही.