कापलेली चाळीस सेकंदं

फेब्रुवारीत, कुताइसीच्या इस्पितळात,
डॉक्टर तेंगिझ यांच्या लोकरी टोपीत आमच्या चिठ्ठ्या पडल्या:
बारा जण वर्गात, बारा संगणकाच्या खोलीत.
शेवटी परीक्षा एकच.
कोण जास्त शिकतं, ते बघायचं होतं कुणाला तरी.
एतेरीला वर्ग निघाला, मला खोली.
मी मनातल्या मनात हात जोडले,
कारण माझी जीभ अडखळते
आणि वर्गात बोट दाखवून विचारतात.

तेरा नंबरचा संगणक, हीटरला लागून.
पडद्यावर डॉक्टर तेंगिझच, पण इस्त्री केलेले.
खोकला नाही, कोटाला सिगारेटचा वास नाही.
काळं म्हणजे पाणी, नाहीतर रक्त.
पांढरं म्हणजे हाड, खडा.
आणि करडं म्हणजे बाकीचे आपण सगळे
(हे माझं. ते असलं काही बोलत नाहीत.)

मी त्यांना वाटेल तेव्हा थांबवायचे.
यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली काळी फट
मी एकतीस वेळा पाहिली.
एकतिसाव्या वेळीही ते तितक्याच हौसेनं म्हणाले, "ही बघा."
एवढा धीर कुणाला असतो?
आईनं बुटाची नाडी तीनदा शिकवली,
चौथ्यांदा स्वतःच बांधून टाकली.

भिंतीपलीकडून हसणं यायचं.
झुराब सगळ्यात काटकुळा, म्हणून रोज त्याचंच पोट.
एतेरी जेवायला यायची ती बाहीवर जेल वाळवत.
आज काय झालं?
"अर्धा तास मधमाश्या. त्यांच्या वडिलांच्या."
मी भाकरीचा तुकडा मोडला आणि मनात म्हटलं, बरं झालं.

मला चौऱ्याऐंशी, तिला त्र्याऐंशी.
अहवालात एक ओळ: लक्षणीय फरक नाही.

मग नोव्हेंबर. पहाटेचे अडीच.
ओनिसे नावाचा माणूस,
दिवस मावळताना खुर्म्याच्या झाडावरून शिडीसकट खाली आलेला.
घरी बसून राहिला, उजेडी जाऊ म्हणत.
बायकोच्या हातात पिशवी, पिशवीत तीच फळं,
ती खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

संगणकात चित्र यायचं.
इथे ते आणावं लागतं, मनगटानं.
फासळी आडवी येते, तिची सावली येते,
माणूस कण्हतो आणि सगळं निसटतं.
मग दिसली. फट? की नुसती कड?
एकतीस वेळा ती बोटाएवढी जाड होती.
ही दोऱ्यासारखी.
आहे म्हणावं तर नाही.

एतेरीला फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायची तिनं वाट पाहिली,
नेहमीसारखी.
मग म्हणाली, "झुराबच्या पोटात त्यांनाही एकदा असंच दिसलं होतं.
म्हणाले, मला माहीत नाही.
आणि गप्प. आम्हीही गप्प. प्रोब जागच्या जागी.
नंतर म्हणाले, खोल श्वास घे, धरून ठेव.
झुराबचं काही नव्हतं. तू बघ."

ओनिसेनं श्वास घेतला.
यकृत खाली सरकलं,
आणि दोरा उसवला, काळा, रुंद.
सर्जनना मी म्हणाले, र... र...
पलीकडे गाडीची किल्ली वाजली.

तो वाचला. त्यावर मला काही बोलायचं नाही.

मी रेकॉर्डिंगवाल्या लेवानकडे गेले.
धड्यात हे का नाही?
"होतं की. कुठल्याशा चित्रापुढे चाळीस सेकंद नुसते बघत बसले होते.
मी कापलं. लोकांना वाटलं असतं, व्हिडिओ अडकला."
जुन्या डिस्कवर त्यानं ते शोधून दिलं.
डॉक्टर तेंगिझ. गाल खाजवतात. काही बोलत नाहीत.
एकदा खोकतात.
या वेळी मी त्यांना थांबवलं नाही.

पिशवी संगणकाच्या खोलीत आहे, हीटरजवळ.
फळं अजून कच्ची. काल एक चावून पाहिलं,
जीभ अशी बांधली गेली की दुपारभर
माझी मलाच ओळखीची वाटत होती.