बाजूच्या भिंतीतून

पाणी आज पाचव्या दिवशी येणार, रात्री अडीचनंतर कधीतरी.
जागं राहायचंच आहे
तर म्हटलं काल दुपारची कक्षा उघडून बघावी.

उपग्रह बघत होता भलतीकडेच,
एका जुन्या जोडताऱ्याकडे,
वेळापत्रकाप्रमाणे,
ज्याचा अर्ज मंजूर झालाय त्या माणसासाठी.
स्फोट समोरून आलाच नाही.
शेजारच्या घरी तव्यात मिरची पडते
आणि ठसका आपल्याला लागतो,
तसा तो शिरला बाजूच्या भिंतीतून.
गॅमा किरणांना आमची भिंत भिंत वाटत नाही.
यंत्राचा दोषच म्हणायचा हा.
याच दोषावर माझी फेलोशिप चालते.

नायना उठून आले, बनियनवर, हातात नळाची चावी.
"काय बघूलालीस?"
मी स्क्रीन वळवली.
सेकंदाला चारशे, चारशे दहा, तीनशे नव्वद,
हा नुसता गोंगाट, मी मोठ्यानं सांगितलं, यात काही नाही.
मग इथे
नऊशे.
अकरा सेकंद.
आणि परत गोंगाट.

त्यांना कमी ऐकू येतं.
दत्तनगरच्या शेडमध्ये चोवीस माग, एकतीस वर्षं.
कान तिथेच राहिले.
पण एखाद्या मागावर धागा तुटला
की तळपायांना कळायचं त्यांच्या,
पाठ फिरवलेली असली तरी.
शेडच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
लग्नाला गेलो की चप्पल काढून उभे राहतात थोडा वेळ.

"कधीचं हे?"
काल दुपारी पावणेचारचं.
म्हणजे पोचलं काल.
चिलीच्या दुर्बिणीनं उरलेली धग मोजली,
निघून नऊ अब्ज वर्षं झाली.
"मग आता कळवायचं कुणाला?"

याचं उत्तर मला यायला हवं होतं.

"काल पत्रा लई तापला होता," ते म्हणाले.
ते ऊन, नायना. त्रेचाळीस होतं.
हे हवेतच अडतं, खाली कुणाला लागत नाही.
"बरं झालं."
मग थोड्या वेळानं, "सगळे घावतात?"
नाही. ब्राझीलवरून जाताना यंत्र बंद ठेवावं लागतं,
तेव्हा काय येऊन गेलं ते गेलं.
"जेवणाची सुट्टी," ते म्हणाले,
आणि बोलायचे थांबले.

आडव्या पाइपवर त्यांनी उघडा तळवा ठेवला.
मला काहीच ऐकू येईना.
पंखा. लांब होटगी रोडला एखादा ट्रक.
"आलं."
मी मोजलं, सवयच ती, एकोणीस सेकंद.
मग पाइप खाकरला,
हवा, गढूळ चूळभर,
आणि पाणी.

पिंप, दोन घागरी, कळशी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा.
चारला ओल्या हातांनी परिपत्रक लिहायला घेतलं:
आमच्या उपकरणात स्फोट आढळला.
वेळ अमुक. कालावधी अकरा सेकंद.
दिशा सांगता येत नाही.

खाली निरीक्षकांची नावं असतात.
माझ्या नावापुढे स्वल्पविराम देऊन
राजेशम येमूल
असं लिहिलं, आणि बघत बसले.
मग खोडलं.
संस्था कोणती, म्हणून विचारलं असतं.
स्वल्पविराम मात्र राहून गेला,
तसाच गेला सगळ्या वेधशाळांना.