ताटलीतला गिलावा

आधी कौलं बदलली.
दोनशे दहा, खानापूरचीच.
मग धुराड्याच्या बुडाशी पत्र्याची झालर,
मग डांबर, मग ते पांढरं रसायन
ज्याच्या डब्यावर एक कुटुंब हसत होतं.
डाग हलला नाही.

माघातसुद्धा. आभाळ ठणठणीत,
आणि भिंतीवर चहा सांडल्यासारखा तो,
कडेला पांढरी मिशी.

पलीकडे बसलिंगव्वाच्या खोलीतही तोच.
भिंत एक, धुराडं एक.
ती म्हणे तुमच्याकडून येतंय,
आम्ही म्हणू तुमच्याकडून.
भांडण्यापुरती दोघांनाही
एकमेकांची भाषा येते.

मोदीनसाब गवंडी छपरावर चढलाच नाही.
नखानं डाग खरवडला, जिभेला लावला,
थुंकला.
"मळी नीर अल्लरी. उप्प."
मग माझं तोंड बघून:
"पावसाचं नव्हे वो, मीठ हाय."

माझा विश्वास बसेना,
तर त्यानं खरवडलेला गिलावा एका ताटलीत घेतला,
दुसरीत मलप्रभेची वाळू,
दोन्ही कपाटावर ठेवल्या, भिंतीपासून लांब.
"धुकं पडलं की बघा."

तिसऱ्या पहाटे अंगणातला पेरू दिसेना.
वाळू कोरडी.
गिलाव्याला घाम फुटलेला.

अप्पांची पाव-भट्टी एकेचाळीस वर्षं चालली.
जांभूळ, ऐन, कधी ओली निलगिरी,
मिळेल ते लाकूड.
त्या धुराचा खार विटांत जिरत गेला.
भट्टी थांबली त्या वर्षी
अप्पांनी स्वतः धुराड्याच्या तोंडावर
शहाबादी फरशी बसवली, कडा सिमेंटनं लिंपल्या,
खालचं दार विटांनी बुजवलं.
"आता थेंब येत नाही," म्हणाले.
थेंब आला नाहीच.
वाराही गेला नाही.
आत खार तेवढा जागा, तहानलेला,
हवेतलं पाणी पीत बसलेला.

मोदीनसाबनं फरशी काढली, वर जाळीची टोपी घातली.
खाली विटा फोडल्या तेव्हा
काजळी घमेलंभर पडली
आणि घरभर करपलेल्या खारीचा वास.
मी बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

दोन्ही बाजूंचा गिलावा खांद्याच्याही वरपर्यंत उतरवला.
विटा कोरड्या ब्रशनं झाडल्या,
पाणी मारायचं नाही, मीठ आणखी आत पळतं.
बसलिंगव्वाची अट एकच:
तिचं कॅलेंडर परत त्याच खिळ्याला.
महिना उघडं ठेवलं, मग चुन्याचा नवा हात.
सिमेंटला मोदीनसाबनं शिवी दिली,
ती कुठल्या भाषेतली ते कळलं नाही.

आता डाग तळहाताएवढा उरलाय,
कधी असतो, कधी नसतो.
ताटली मात्र मी टाकलेली नाही.
धुक्याच्या दिवशी बोट लावून बघतो.
पलीकडून बसलिंगव्वा ओरडते,
"वद्दी ऐतेन?"
ओलं आहे का, म्हणजे.
मी म्हणतो, "हौद."
तिच्या भाषेत नुसतं हो.
माझ्या भाषेत
काठोकाठ भरलेलं पाणी.