मोजणी

पहाटे लॅक्सन न्जोव्हूने जीपचं बॉनेट थोपटलं,
गुराच्या पाठीवर थाप मारावी तसं,
आणि म्हणाला, आज बोलू नका. मोजा.
पिल्लं सोडून, फक्त मोठे.

ऑक्टोबर. लुआंग्वा आटत आलेली,
काठाला पायपुसण्याएवढाल्या भेगांचे चौकोन.
झाडाखाली पाचोळ्याचा ढीग दिसला.
मग ढिगाला कान फुटले,
पळीसारखे वाटोळे.

काय म्हणावं यांना?
माझ्या भाषेत कोळसुंदा आहे, पण तो तांबडा, एकरंगी.
यांच्या अंगावर कुणीतरी हात झटकलेत,
पिवळे, काळे, पांढरे शिंतोडे,
एकाचे दुसऱ्याशी न जुळणारे.
मिम्बुलू, लॅक्सन म्हणाला.
तो शब्द मी तसाच ठेवून घेतला.

एक शिंकला. मग एक मादी. मग आणखी तिघं.
आमच्याकडे शिंक आली की निघालेला माणूस
दोन पावलं मागे येतो, घोटभर पाणी पितो.
इथे पुरेशा शिंका झाल्या
की निघायचं ठरतं.

सुरुवातीला ते धावणं नव्हतंच.
मान खांद्यांच्या रेषेत,
हरवलेली किल्ली शोधणाऱ्यांसारखी चाल.
पुढे पाणथळीत पुकू चरत होते.
कळप फुटला, आणि एक तरणा नर
चुकीच्या बाजूला वळला.
एवढंच.
गोष्ट त्या वळणावर संपली होती,
पुढे उरलं ते फक्त अंतर.

मला वाटलं होतं, गर्जना वगैरे होईल.
आवाज झाला तो आमच्याच जीपमध्ये:
मागच्या सीटवरच्या बाईंनी दुर्बीण मांडीवर ठेवून
देवाचं नाव घेतलं, त्यांच्या भाषेत.
पुकू उभाच होता,
आणि उभ्या उभ्या कमी होत गेला.
मी नजर हटवली नाही. धीट म्हणून नव्हे,
मोजायला सांगितलं होतं म्हणून.

मागून पिल्लं आली. मोठे बाजूला सरकले,
पंगतीतल्या वाढप्यांसारखे, रिकामे हात, ओली तोंडं.
नऊ, मी म्हणालो.
लॅक्सनने इंजिन सुरू केलं नाही.
दहावी यायचीय.

गिधाडं उतरली. ऊन चढलं.
मग ती आली, तीन पायांवर.
चौथा गुडघ्यापर्यंतच होता.
तार, लॅक्सन म्हणाला. सायकलच्या ब्रेकची.
मग बऱ्याच वेळाने:
माझे वडील तीच वापरायचे.
नऊ वर्षांचा होतो, गाठ मारायला शिकलो,
पुकूसाठी.
गाठीला कुठे माहीत असतं कोण येणार.

मांस उरलंच नव्हतं.
तिने एकाच्या ओठाला नाक लावलं, चिरकली.
त्याने मान खाली घातली, पोट आत ओढलं
आणि तिच्यासमोर ओकला.
वाफाळतं.
शी, बाई म्हणाल्या.
मग त्यांनीच दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली
आणि ती खाऊन संपेपर्यंत काढली नाही.

लॅक्सनने वहीत दहा लिहिलं.
पेनाचं टोपण दातांतच राहिलं.

परतताना तो दोनदा उतरला,
झुडपांत वाकला.
दुसऱ्या वेळी काहीतरी वेटोळं करून
खिशात कोंबत आला.
मी विचारलं नाही.
टोपण अजून दातांत होतं.