पेव

मार्केट यार्डात सकाळी राजापुरीचा सौदा निघतो
आणि सत्तावीस वर्षं
ढिगापाशी पहिला वाकतो तो मी.
हळकुंड मोडायचं, कडकन वाजलं पाहिजे,
मोडीवरचा केशरी अंगठ्यानं पुसायचा,
मग नाकाशी न्यायचं.
रंग कुणीही सांगेल.
वास सांगायला बाहुबली चौगुले लागायचा.

लागायचा.
गेल्या माघापासून मी नुसतंच नाकाशी नेतो,
मान हलवतो
आणि भाव डोळ्यांनी बोलतो.
कुणाला कळलं नाही.
शिंका मात्र सगळ्यांनी मोजल्या.
हमालांनी एकदा पैज लावली,
चौदाव्या शिंकेला रशीद मुजावर चहा जिंकला.

आधी मेडिकलातून आणली ती बाटली
मिनिटात नाक उघडणारी.
आठवडाभर सोनं.
मग दर चार तासांनी लागायला लागली, मग दोन,
एक खिशात, एक उशाशी, एक गल्ल्यात,
आणि नाक आधीपेक्षा घट्ट.

डॉक्टर तांबोळीबाईंनी तिन्ही मागून घेतल्या,
खणात टाकल्या.
दुसरी पुढं केली. "यात स्टेरॉईड आहे."
मी खुर्चीतून अर्धा उठलो.
आमच्या तालमीतलं एक पोरगं सुया टोचून फुगलेलं,
त्याचं पुढं काय झालं ते मी खांद्यावर घेऊन आलोय.
"ते पोतं होतं," बाई म्हणाल्या, "ही चिमूट.
सूज जिथं, तिथंच पडते.
पण चिमूट चिमटीतच ठेवायची.
मी सांगेन तेवढी, सांगेन तोवर."

मग बावन्नाव्या वर्षी नाकात औषध घालायला शिकलो.
बाटली हलवा.
नवी आहे, आधी हवेत दाबा, धुकं दिसू दे.
नाक हलकं शिंकरा.
आढ्याकडं बघू नका हो,
ढिगावर वाकता ना, तेवढं पुढं.
उजव्या नाकपुडीला डावा हात,
डावीला उजवा,
टोक मधल्या पडद्याकडं नाही, बाहेर, कानाच्या अंगाला.
दाबा, आणि श्वास हळू.
तपकिरीसारखा सुर्रकन ओढलात
तर घशात जाईल, फुकट जाईल.
टोक पुसा. टोपण लावा.
"आणि गुण?"
"आज नाही. उद्या नाही. दोन आठवडे रोज.
बरं वाटलं तरी, नाही वाटलं तरी."

तेव्हा हरिपूरचं पेव आठवलं.
अण्णा तोंडावरची माती काढायचे
आणि काठावर बसून राहायचे.
खाली तीन पावसाळ्यांची हळद, वर व्यापारी घाईला आलेला,
मी दोराला हात घातला की कानाखाली.
कोंडलेली हवा आधी जाऊ दे.
मग कंदील सोडायचे.
विझला, तर आज नाही.

पाचव्या दिवशी रुमालावर रक्ताचा ठिपका.
बंद केलं, बाईंना दाखवलं.
करून दाखवा म्हणाल्या; हात चुकत होता,
फवारा पडद्यावरच.
दोन-चार दिवस थांबून परत सुरू, सरळ हातानं.
मेव्हणा म्हणाला, एक दाब मला दे की.
ताट देईन, ही नाही.
तोंडाला फडकं बांधून यार्डात गेलो
तर रशीद म्हणाला, दरोडा कुठं?

आणि एका सकाळी वास आला.
हळदीचा नव्हे.
ओल्या गोणपाटाचा, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा.
हळद नंतर आली, दबकत,
जुनी देणेकरीण दारात उभी राहावी तशी.

सातव्या ढिगाशी फडकं खाली केलं.
रंग फक्कड. मोड कडक.
पोटात कुबट.
"पाणी लागलंय," मी म्हणालो,
शेतकरी गप्प, अडत्या गप्प.

माघापासून असे किती ढीग
मी मान हलवून पुढं काढले,
आणि किती चांगल्यांचा भाव पाडला,
ते अजून कुणाला बोललो नाही.
हवा जाऊ देतोय.
कंदील खाली सोडलाय.